नऊ सेकंदांचं गलबत

जोतीराम चौगुले हा सुखी माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर साठी उलटलेल्या, जुईनगरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाची गोष्ट म्हटली की लोक लगेच रुमाल काढतात. रुमाल ठेवा खिशात. या माणसाला पडल्या पडल्या झोप लागायची, दोन वेळची भाकरी पचायची, बायकोशी पटायचं, आणि सोसायटीच्या मीटिंगला चार वेळा बोलावलं तरी तो जायचा नाही. आणखी काय हवं असतं माणसाला?

चौतीस वर्षं त्याने एकाच कंपनीत काढली. कंपनीचं नाव गलबत. शेजाऱ्यांना कितीतरी वर्षं वाटायचं की हा गोदीत कामाला आहे. तोही कधी कुणाची समजूत काढत बसला नाही, कारण खरा धंदा समजावून सांगायला अर्धा तास लागायचा. खरा धंदा असा की, टीव्हीवरची मालिका काढायची दुसऱ्याने, तिचे हक्क घ्यायचे गलबतने, आणि मग जी वाहिनी मागेल तिला ठरावीक काळापुरती ती दाखवायला द्यायची. आज नागपूरला, उद्या दिल्लीला, परवा थेट मॉरिशसला. मालिका तीच, फिरायची दहा ठिकाणी. टेपा खोक्यांतून जायच्या, खोक्यांतून परत यायच्या आणि पुसूनबिसून कपाटात बसायच्या. त्या कपाटांच्या किल्ल्या जोतीरामच्या कमरेला.

प्रेक्षकांना गलबत माहीत होतं ते फक्त शेवटच्या काही सेकंदांपुरतं. भाग संपला, नावं वर सरकली, की कंपनीचा लोगो यायचा. घरातली बाई तोवर गॅसकडे उठून गेलेली असायची.

पहिला लोगो नव्वद सालचा, आणि तो अक्षरशः पुठ्ठ्याचा. कंपनीचे मालक सुधीरसाहेब मूळचे देवगडकडचे, म्हणून नाव गलबत आणि लोगोही गलबतच. दोन माणसांनी निळं सॅटिनचं कापड हलवलं, त्यामागून कातरलेलं गलबत दोऱ्याने ओढलं, आणि देवघरातली घंटा एकदा वाजवली. झालं, तीन सेकंदांत काम तमाम. दोरा ओढणारा हात जोतीरामचा होता. दोरा पडद्यावर चक्क दिसायचा. साहेब चिडले तर कॅमेरावाला म्हणाला, तीन सेकंदांत दोरा बघायला कुणाला फुरसत आहे?

पुढे शहाण्णवमध्ये कॉम्प्युटर आला आणि गलबत सोन्याचं झालं. तेही तीनच सेकंदांत स्वतःभोवती गिरकी घ्यायचं. का घ्यायचं ते विचारू नका, त्या काळी कॉम्प्युटरवर सगळंच गिरकी घ्यायचं.

आणि मग दोन हजार चार. कंपनी दादरची अडचणीची जागा सोडून महाप्यात स्वतःच्या इमारतीत आली आणि साहेबांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी तिसरा लोगो करून घेतला. आधी ढग, ढगातून सूर्य, सूर्यातून गलबत, मग ढोलताशांचा दणका, आणि शेवटी साहेबांचा स्वतःचा खर्जातला आवाज, ‘घराघरात... गलबत!’ नऊ सेकंदं! त्या आवाजाला लहान पोरं टरकायची, आईच्या पदरामागे लपायची. हल्ली इंटरनेटवर असे जुने लोगो जमवणारी हौशी मंडळी आहेत म्हणे, आणि त्यांच्या ‘सगळ्यात भीतीदायक’ यादीत हे गलबत वरच्या नंबरात आहे. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

आता साहेबांचा हुकूम सुटला की कपाटातल्या प्रत्येक टेपेवर जुना लोगो पुसून नवा चढवायचा. एक-दोन नाही, चार हजार भाग! आणि तिथेच गाडी अडली. वाहिनीला भाग लागायचा मोजून साडेबावीस मिनिटांचा, त्यात सेकंदभर इकडेतिकडे चालायचं नाही. तीन सेकंदांच्या जागी नऊ कशी बसवायची? साहेब हैराण. एडिटर म्हणाला, गोष्टीतली सहा सेकंदं कापू. निर्माते म्हणाले, हात लावून तर बघा.

तेव्हा जोतीरामला ती युक्ती सुचली. शेवटची नावं सरकून झाली की सगळ्यात शेवटची पाटी सहा सेकंदं पडद्यावर स्थिर राहायची. गोष्ट त्याआधीच संपलेली असायची. लोगो त्या पाटीवरूनच सुरू करायचा. ना गोष्ट कापायची, ना मिनिटं वाढवायची.

“त्या पाटीवर असतं काय?” साहेबांनी विचारलं.

“किरकोळ नावं हो साहेब. कोण वाचतंय?” जोतीराम म्हणाला.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली, “डोकं आहे रे तुला,” म्हणाले, आणि दिवाळीत सगळ्यांसमोर त्याचा सत्कार केला. दोन वर्षं खपून जोतीरामने चार हजार भागांवर ते गलबत चढवलं. त्या युक्तीचा त्याला केवढा अभिमान! पाहुणे आले की तो ती गोष्ट सांगायचा, आणि त्याची बायको सुनीती चहा टाकायच्या निमित्ताने आत जायची, कारण तिला ती पाठ होती.

साहेब गेल्या वर्षी गेले. कंपनी आता त्यांच्या मुलीकडे, क्षिप्राकडे आहे. तिशीची पोर, पण डोकं ताळ्यावर. एका इंटरनेट कंपनीने गलबतच्या सगळ्या मालिका मोबाइलवर दाखवायला घेतल्या, म्हणून टेपांवरून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम निघालं. ते झालं की टेपा तळोज्याला भंगारात जाणार. जुनी मशीनं चालवणारं कुणी उरलं नव्हतं. क्षिप्राने निवृत्त झालेल्या जोतीरामला फोन केला, “चौगुलेकाका, तीन महिने या ना.” काका दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.

काम जवळपास उरकलं होतं. टेपा जायला बारा दिवस राहिले होते आणि एका दुपारी ऑफिसात एकदम गलका झाला.

नऊवारी नेसलेली, सत्तरीतली, काटक म्हातारी दारातून थेट आत आली होती. मागे तिची नात ईश्वरी, लाजून चूर. ईश्वरी दोन महिन्यांपूर्वीच गलबतमध्ये कामाला लागली होती. म्हातारीचं नाव पुतळा, राहणार तळवली.

“माजा नाव कोनी काढला?” पुतळाबाईंनी कमरेवर हात ठेवून सगळ्या ऑफिसला विचारलं. “बोला ना! आता का तोंडान गुळनी धरली?”

ईश्वरीने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. ‘मिठागराच्या काठी’ नावाची एक मालिका ब्याण्णव साली तळवलीच्या बाजूलाच खाडीवर झाली होती. मालिकेचा शिंपी उन्हाला कंटाळून पळाला आणि गावात शिलाई मशीन फक्त पुतळाबाईंकडे. बावन्न भाग त्यांनी कपडे शिवले, फाटलेले सांधले. तेव्हा गावात काय काय बोलले लोक! शूटिंगला जाते, नटव्यांच्यात बसते, घरातल्यांना लाजच नाही. नवऱ्याने मशीन उचलून माळ्यावर टाकलं होतं. मग एके दिवशी टीव्हीवर शेवटी नाव आलं, वेशभूषा साहाय्य, पुतळा पाटील. सासूने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि स्वतः मशीन खाली काढायला लावलं. त्या नावावर बाईने घरात मान मिळवला होता.

“आता आज्जी सगळ्या गावाला सांगत सुटली, की मालिका मोबाइलवर येतेय, माझं नाव बघा,” ईश्वरी म्हणाली. “मी इथे फाइल उघडून बघितली, तर नावच नाही. मी घरी मस्करीत म्हटलं, आज्जी, थापा मारतेस. तेवढंच ऐकलं शेजारच्या काकूंनी. आता सगळी आळी तिला थापाडी म्हणते. चार दिवस जेवली नाहीये नीट.”

“तीस वरसा मी खोटी बोलली काय?” पुतळाबाई म्हणाल्या आणि एकदम खुर्चीत बसल्या. आवाजातला जोर गेला होता. “माजी सासू मेली. नवरा मेला. ज्यांनी बगला ते कोनीच नाय र्‍हायले.”

जोतीरामने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर शेवटचा भाग लावला. नावं सरकली. शेवटची पाटी उगवते न उगवते तोच ढग आले, सूर्य आला, ढोल वाजले. ‘घराघरात... गलबत!’

किरकोळ नावं, कोण वाचतंय? त्याचेच शब्द. ऑफिसात त्या युक्तीची आठवण असलेला तो एकटाच उरला होता. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर त्याने तसा विचार केलाही.

“बघतो,” तो एवढंच म्हणाला.

घरी त्याने भाजीला मीठ नाही हेही ओळखलं नाही, तेव्हा सुनीतीने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. तिने हातातली पोळी ताटलीत ठेवली.

“म्हणजे वीस वर्षं तुम्ही पाहुण्यांना जी फुशारकी मारून सांगत होता ती ही गोष्ट?”

“हो.”

“चार हजार वेळा?”

“अगं हो म्हटलं ना!”

“मग आता बसून काय राहिलात? शोधा.”

बोलणं सोपं होतं. नवा लोगो जुन्या टेपेवरच चढवलेला, म्हणजे खालचं चित्र कायमचं पुसलेलं. ते परत आणायला देवही खाली उतरला नसता. फक्त एखादी टेप त्या दोन वर्षांत कपाटाबाहेर असेल तरच ती वाचलेली असणार. दुसऱ्या दिवशी जोतीराम जुनी आवक-जावकची वही घेऊन बसला. बोट फिरवता फिरवता एका ओळीवर थबकलं. ‘मिठागराच्या काठी’, बावन्न भाग, दुसरी प्रत, मॉरिशस. गेली दोन हजार तीनमध्ये, परत आली दोन हजार सातमध्ये.

आणि त्याला आठवलं! ती खोकी परत आली तेव्हा लोगो चढवायचं काम संपून वर्ष झालं होतं. नियमाने त्याने ती उघडून त्यांच्यावरही गलबत चढवायला हवं होतं. पण कंटाळा आला होता. भयंकर कंटाळा. त्याने खोकी तशीच जिन्याखाली ढकलली होती आणि वहीत ‘काम झाले’ असं ठोकून दिलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीतला त्याचा एकुलता एक कामचुकारपणा!

खोकी जिन्याखालीच होती, चार, चिकटपट्टीसकट. टेपांवर बुरशी होती. आठ दिवस जोतीरामने एकेक टेप स्पिरिटने पुसली, मशीनवर हळूहळू फिरवली. ईश्वरी जेवणाच्या सुट्टीत मदतीला बसायची. पहिल्या भागाचा शेवट आला, पाटी उगवली आणि सहा सेकंदं राहिली. अकरा नावं. वरून तिसरं, पुतळा पाटील. मग निळं सॅटिन हललं, पुठ्ठ्याचं गलबत दोऱ्याने पुढे सरकलं, घंटा वाजली. ईश्वरीने टाळ्या वाजवल्या. जोतीरामने चष्मा काढून पुसला आणि स्पिरिटचा वास फार झोंबतो म्हणाला.

पण अजून क्षिप्रा बाकी होती. इंटरनेट कंपनीशी ठरलेलं होतं की सगळ्या मालिकांवर एकच लोगो, तो मोठा. वेळही ठरलेली, साडेबावीस मिनिटं. पाटी ठेवायची तर मोठं गलबत जाणार. आणि त्या गलबतात क्षिप्राच्या वडिलांचा आवाज होता. घरात त्यांचा दुसरा कुठलाच आवाज जपलेला नव्हता. साहेबांना फोटोचा, व्हिडिओचा कंटाळा. माणूस जाऊन वर्ष झालं आणि मुलीकडे शिल्लक काय, तर ‘घराघरात गलबत’. कुठल्या तोंडाने सांगायचं तिला, की हा काढ म्हणून?

तो गेला. आधी युक्तीची गोष्ट सांगितली, काही न लपवता. मग पुतळाबाईंची. मग टेप लावली. क्षिप्राने पाटी पाहिली आणि पुठ्ठ्याचं गलबत पाहिलं.

“काका, तुम्हाला माहितीये, मी आठ वर्षांची होते तेव्हा बाबांचा तो आवाज आला की मी सोफ्यामागे पळायचे. बाबा म्हणायचे, अगं मी आहे तो! मी म्हणायचे, म्हणून तर.” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “आता मी रोज एकदा तरी ते लावून ऐकते.”

“मग राहू दे मॅडम. मी आपलं...”

“ऐका तर खरं. बाकी चार हजार भागांवर बाबा आहेतच ना? त्यांना तेवढी जागा पुरेल. या बावन्नांवर ही पाटी राहील आणि पुठ्ठ्याचं गलबत राहील. मी बोलते त्या लोकांशी.” मग तिने विचारलं, “बाकीच्या मालिकांच्या पाट्या?”

“त्या गेल्या,” जोतीराम म्हणाला. “त्या मी घालवल्या.” त्याचं दुःख त्याला झालं ते खरंच झालं.

महिनाभराने, रविवारी दुपारी, तळवलीला पुतळाबाईंच्या घरी सगळी आळी जमली. शेताच्या जागी आता तीन मजली घर, खाली भाडेकरू, वर मोठा टीव्ही. थापाडी म्हणणारी शेजारीण सगळ्यात पुढची खुर्ची धरून बसली होती. जोतीराम सुनीतीला घेऊन गेला. पुतळाबाईंनी दोघांच्या हातात पोळ्यांच्या बशा दिल्या. आगरी पद्धतीची तांदळाची पोळी, वर गूळ-खोबरं. जोतीरामने बशी तशीच हातात धरून ठेवली.

“आजी, आधी एक सांगायचंय,” तो उभा राहिला. “तुमचं नाव मी काढलं होतं. माझ्या हाताने. त्या वेळी वाटलं, कोण वाचतंय.”

पुतळाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“पयला नाव बगू दे. मंग तुमाला बगते,” त्या म्हणाल्या. “तवर ती पोळी खा.”

ईश्वरीने शेवटचा भाग लावला. मालिका कुणी धड पाहिलीच नाही, सगळ्यांचं लक्ष शेवटाकडे. पाटी आली, ईश्वरीने तिथेच थांबवली. वेशभूषा साहाय्य, पुतळा पाटील. काय गलका झाला! बायकांनी टाळ्या पिटल्या, शेजारणीने उठून पुतळाबाईंच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि “चुकला गं बाय माजा,” म्हणाली. पुतळाबाई मात्र पडद्याकडेच बघत होत्या.

“माज्या खाली कोन कोन हाय? मला वाचता येत नाय. ओ चौगुले, तुमी वाचा.”

जोतीराम टीव्हीजवळ गेला आणि एकेक नाव वाचू लागला.

“गोजरा ठाकूर, इस्त्री.”

“गोजरी! ती मेली. पन तिचा पोर गोठिवलीला हाय. तिनं यकदा नायिकेचा पदर जाळला न् तीन दिवस रडत व्हती.”

“नामदेव मढवी, चहापाणी.”

“हाय, हाय. घनसोलीला दुकान हाय त्याचा.”

“राजलक्ष्मी नायर, केशभूषा.”

“राजी! ती बेलापूरला र्‍हाते. माज्या पोरीच्या लग्नात तिनंच केस बांदले.”

“कुलदीप सिंग, प्रकाशयोजना साहाय्य.”

“तो सरदार! कळंबोलीला. उन्हात पत्रा धरून उबा र्‍हायचा, हात भाजायचे बिचाऱ्याचे.”

वरच्या दोघांसकट अकराही नावं झाली. त्यातल्या नऊ जणांचा ठावठिकाणा पुतळाबाईंना माहीत होता, कोण जिवंत, कोण गेलं, कुणाची पोरं कुठे. इतकी वर्षं ते सगळे एकमेकांच्या लग्नाकार्याला जात होते. जोतीराम ऐकत राहिला. तो एका बाईचं नाव परत आणायला निघाला होता. बाकीच्या दहांतले बहुतेक याच खाडीच्या आसपासचे होते, आणि आपण त्या सगळ्यांना एका दुपारी एका वाक्यात पुसून टाकलं होतं, हे त्याला आत्ता खरं कळलं.

“यान्ला कोनी सांगितला काय, की तुमची नावा परत आली?”

“नाही अजून.”

“मंग तुमी सांगा. पुसली तुमी, तर सांगायची पन तुमीच. मी रागवली नाय, पन सोडनार बी नाय. ईश्वरी, कुलदीपचा नंबर दे काढून.”

सुनीतीने जोतीरामच्या हातातली बशी काढून घेतली आणि त्याच्या हातात मोबाइल दिला. रिंग वाजली. पलीकडे एका बाईचा आवाज आला.

“कुलदीपजी आहेत का? मी गलबत कंपनीतून जोतीराम चौगुले. त्यांचं नाव टीव्हीवर...”

“पप्पांना आता कमी ऐकू येतं हो,” ती म्हणाली. “फोन त्यांच्या कानाला लावते. जरा मोठ्याने बोला.”

जोतीराम ताठ उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला, आणि सगळी तळवली ऐकेल एवढ्या मोठ्याने ते नाव उच्चारलं, “कुलदीप सिंग!”